काठावरच्या मतदाराचा प्रश्न

१५ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठाच्या सभागृहात अध्यक्षपदाचे तीन उमेदवार आणि २०९ मतदार वादसभेसाठी समोरासमोर आले. गॅलप या संस्थेने हे मतदार निवडले होते, आणि मत कोणाला द्यायचे हे त्यांचे ठरलेले नव्हते. तोपर्यंत अशा वादसभांत पत्रकारच प्रश्न विचारत. त्या रात्री पहिल्यांदा सामान्य माणसे विचारणार होती.

एका तरुण कृष्णवर्णीय बाईने विचारले की, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? झालाच नसेल, तर ज्याची झळ तुम्हाला लागलेली नाही त्यावर उपाय तुम्ही कसा शोधणार? ती बोलत असताना अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, आणि ते दृश्य जगभर गेले. प्रश्न नीट कळला नाही, असेही त्यांनी सांगितले. त्यांचे प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन मात्र आपली जागा सोडून तिच्याजवळ गेले आणि आधी तिलाच विचारले, तुला स्वतःला याची झळ कशी लागली? मग आपल्या छोट्या राज्यातल्या, नोकऱ्या गेलेल्या माणसांबद्दल ते बोलले.

अर्थशास्त्राच्या कसोटीवर तिचा प्रश्न चुकलेला होता. नोकऱ्या जात होत्या त्या मंदीमुळे. राष्ट्रीय कर्ज हा निराळा विषय. सूत्रसंचालक कॅरोल सिम्प्सन यांनाही तिथेच खुलासा करावा लागला की, तिचा रोख मंदीकडे आहे. तरीही त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न हाच होता. कर्जाची आकडेवारी विचारली असती तर तिन्ही उमेदवारांनी पाठ केलेले उत्तर दिले असते. तिने विचारले त्याची तयारी कोणाच्याच सल्लागाराने करून घेतलेली नसावी.

त्या घड्याळाने निवडणूक फिरवली असे म्हणणे मात्र खरे नाही. क्लिंटन आधीपासूनच पाहण्यांत पुढे होते. वादसभेची किंमत ‘कोण जिंकले’ यावर ठरवली की असली सोपी कहाणी तयार होते आणि विचारणारी बाई तिच्यातून गळून पडते.

काठावरच्या मतदाराकडे आपण फार तुच्छतेने पाहतो. त्याला राजकारण कळत नाही, अखेर तो हवेबरोबर जाणार, असे गृहीत धरतो. वास्तविक वादसभा ज्याच्यासाठी भरवायची तो हाच माणूस. पक्का समर्थक आपल्या नेत्याला टाळ्या द्यायला बसलेला असतो. ज्याचे ठरलेले नाही तो ऐकायला बसतो, आणि त्याला ऐकू देणे हे वाहिन्यांचे काम आहे.

नेमके तेच होत नाही. ६ ऑक्टोबर १९७६ च्या वादसभेत तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नसल्याचे विधान केले. त्या रात्रीच्या पाहण्यांत बहुतेक प्रेक्षकांना ही फार मोठी चूक वाटलेली दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बातम्यांतून ते विधान पुन्हा पुन्हा वाजल्यावर मात्र प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांची सरशी झाली असे मत पक्के झाले. चूक गंभीर होती, ती दाखवून देणे हे पत्रकारितेचे कर्तव्यच होते. पण चूक दाखवणे वेगळे आणि निकाल हातात देणे वेगळे.

ब्रिटनमध्ये २०१० साली हे आणखी पुढे गेले. वादसभा चालू असतानाच काही मतदारांच्या हाती कळ देऊन त्यांची पसंती-नापसंती पडद्याच्या तळाशी सरकत्या रेषेने दाखवली जाऊ लागली. कॉलिन डेव्हिस, जेफ्री बॉवर्स आणि अमिना मेमन या संशोधकांनी सुमारे दीडशे जणांना थेट वादसभा दाखवली आणि पडद्यावरची रेषा मुद्दाम खोटी ठेवली. एका गटाला ती पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्याकडे झुकलेली दिसली, दुसऱ्याला त्यांचे प्रतिस्पर्धी निक क्लेग यांच्याकडे. ज्याच्याकडे रेषा झुकली, तोच जिंकला असे त्या त्या गटात अधिक जणांना वाटले. बोलणारे तेच आणि वाक्येही तीच होती. २०११ मध्ये हा अभ्यास ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. अशी रेषा वादसभेच्या पडद्यावर असूच नये.

भारतात तर अशा वादसभांचा पायाच नाही. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर वादसभेचे निमंत्रण दिले. गांधींनी होकार कळवला, पण सभा झाली नाही. मराठी वाहिन्यांवर चर्चा रोज होते, मात्र चौकटींत बहुधा प्रवक्ते असतात आणि मतदार कुठेच नसतो. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदान झाले तेव्हा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेक शेतकऱ्यांना त्याहून कमी दर मिळत होता. या तफावतीची झळ तुमच्या घराला किती लागली, हे लातूरच्या किंवा वाशिमच्या शेतकऱ्याने उमेदवारांना कॅमेऱ्यासमोर विचारायला हवे होते.

दिल्लीतल्या नेत्यांची वाट पाहण्याची गरज नाही. महापालिका असो वा विधानसभा, आपल्या मतदारसंघातल्या सर्व उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवा, ज्यांचे मत ठरलेले नाही त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्या. जो उमेदवार येणार नाही, त्याची खुर्ची रिकामी ठेवून सभा सुरू करा.