मुखत्यारी आणि इमान

आपले मत बदलण्याचा अधिकार प्रत्येक विचारी मनुष्यास आहे, आणि तो एकट्या राजकारणी पुरुषास नाकारावयाचा, तर बुद्धी गहाण टाकल्यावाचून सार्वजनिक जीवनात कोणी येऊच नये असे म्हणावे लागेल. गांधीजींनी तर १९३३ साली ‘हरिजन’ पत्रातून सांगून टाकले होते की, आपल्या दोन लेखांत विसंगती आढळल्यास वाचकाने नंतरचा लेख प्रमाण मानावा. कारण पूर्वीच्या वचनापेक्षा त्या त्या क्षणी प्रतीत होणाऱ्या सत्याशी सुसंगत राहणे त्यांस अधिक अगत्याचे वाटे. हाच युक्तिवाद पक्षांतर करणाऱ्या आमदाराने केला की मात्र आपणांस हसू येते. ते का यावे, हे दिसते तितके सोपे नाही.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या गावी हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून न येता सरपंचाच्या निवडणुकीतून येतो. सरपंच थेट लोकांनी निवडावा असे राज्य शासनाने २०१७ साली ठरविले. २०२० साली ती निवड पुन्हा सदस्यांच्या हाती गेली. २०२२ साली थेट निवडणूक परत आली. तिन्ही वेळी शिवसेनेचे मंत्री सत्तेत होते, आणि पहिल्या दोन मंत्रिमंडळांत मंत्री असलेले एकनाथ शिंदे तिसऱ्या वेळी मुख्यमंत्री होते. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे: थेट निवडीने सदस्यांची पळवापळवी टळते, तर सदस्यांनी निवडलेल्या सरपंचास सर्वांना सांभाळून कारभार करावा लागतो. परंतु पाच वर्षांत दोनदा फिरलेल्या या नियमामागे गावकारभाराचा विचार किती आणि कोणत्या पक्षास काय सोयीचे याचा हिशेब किती, असा संशय चावडीवर बसणाऱ्यास आला, तर त्यास दोष कसा द्यावा?

मुखत्यारपत्र लिहून देणारा इसम ते सामान्यतः मनास येईल तेव्हा रद्द करू शकतो. मतदारास ती सोय नाही, एकदा दिलेला कौल त्यास पाच वर्षे परत घेता येत नाही. म्हणून लोकप्रतिनिधीचे मत हे निव्वळ त्याचे नसते, त्यात परक्याची अमानत असते. मत बदलले तर बदलाचे कारण त्या अमानतदाराने धन्यासमोर मांडले पाहिजे, आणि बदलाची झळही प्रथम स्वतः सोसली पाहिजे. ‘हरिजन’मध्ये लिहिणारे गांधीजी कोणाच्या मतांवर निवडून आलेले नव्हते, आणि आपल्या बदलाची किंमत ते स्वतःच्या देहावर मोजीत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने यातले काही साधत नाही: त्यास पक्षाचा आदेश मोडणारा सदस्य दिसतो, पण सबंध पक्षच आपल्या जाहीरनाम्यापासून फिरला तर काहीच दिसत नाही.

वऱ्हाडातलेच एक उदाहरण घ्यावे. ते सोयीचे नाही म्हणूनच घ्यावे. वणीचे लोकनायक बापूजी अणे हे लोकमान्यांचे अनुयायी. जातीय निवाड्याविषयी काँग्रेसचे धोरण न पटल्याने १९३४ साली त्यांनी पंडित मालवीयांसह निराळा पक्ष काढला. १९४१ साली, काँग्रेसने सत्तास्थाने सोडलेली असताना, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा देऊन बाहेर पडले. पक्षाच्या दप्तरात पाहणाऱ्यास हा मनुष्य चंचल वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण वाट बदलताना प्रश्न कोणता होता हे लोकांस उघड दिसत होते आणि १९४३ साली तर हातचे पद गेले. मात्र त्याच वर्षी ते त्याच सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. हे माझ्या मापात बसत नाही, आणि ओढूनताणून ते बसविण्याचा यत्न मी करणार नाही. पुढे ऐंशी उलटल्यावर, १९६२ साली, ते स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर नागपुरातून लोकसभेत निवडून गेले. ती मागणी योग्य की अयोग्य हा वाद निराळा. त्यांस मत देणाऱ्या नागपूरकरास आपण कशासाठी मुखत्यारी देत आहोत, एवढे तरी नेमके ठाऊक होते.