चुकीचा माग

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगाराच्या गाड्या रात्रंदिवस येत असतात. भट्टीत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, बिलेटच्या सळया होतात आणि त्या सळया लांबलांबच्या घरांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. या सगळ्या व्यवहाराचा हिशेब फाटकाजवळच्या वजनकाट्यावर सुरू होतो. गाडी भरलेली चढते, माल उतरवून रिकामी चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. त्या काट्यामागे चालणारे प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. प्रोग्राममध्ये चूक उद्भवली तर तिचं काय करायचं, हा प्रश्न मला यंत्राचा कमी आणि धर्माचा जास्त वाटतो.

एका कारखान्यात जुना प्रोग्राम बदलायला मला बोलावलं होतं. तिथे एका ड्रायव्हरवर आळ आला होता. त्याच्या गाडीत माल कमी भरला, म्हणजे त्याने वाटेत विकला, असं कारखान्याचा माणूस म्हणत होता. घट त्याच्या भाड्यातून कापली होती. तो मला म्हणाला, "ताई, ताडपत्रीची दोरीसुद्धा सोडली नाही मी. मग माल गेला कुठं?" मी नोंदी काढल्या. त्याचं भरलेल्या गाडीचं वजन आणि त्याच्या आधी चढलेल्या गाडीचं वजन शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं होतं. कोड उघडल्यावर कारण दिसलं. काट्याच्या इंडिकेटरकडून तारेवाटे आकडा येतो. तो आलाच नाही तर काय, या ठिकाणी लिहिणाऱ्याने चूक पकडली होती आणि गिळून टाकली होती. नवा आकडा नसेल तर आधीचाच पुढे पाठवायचा, असं लिहून तो मोकळा झाला होता. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही, पावती मात्र छापून आली.

चूक गिळणारा प्रोग्राम सालस दिसतो. अडत नाही, ओरडत नाही, रांग खोळंबू देत नाही. "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" असं लोक म्हणतात. पण गिळलेली चूक नाहीशी होत नाही. ती एकेक पायरी पुढे सरकते आणि ज्याच्यापुढे पायरीच नाही अशा माणसाच्या अंगावर पडते. काट्यावर तो माणूस ड्रायव्हर असतो, बाजार समितीत मोसंबी घेऊन आलेला शेतकरी असतो. मग आपण त्याला सांगतो, नशीब तुझं.

हे 'नशीब' मला सहन होत नाही. कर्मसिद्धान्तावर माझा विश्वास आहे, म्हणूनच सहन होत नाही. कारणाशिवाय फळ नाही, हा त्या सिद्धान्ताचा गाभा. म्हणजे तो मुळात माग काढायला लावणारा विचार आहे, आणि आपण तो माग थांबवण्यासाठी वापरतो. तार सैल होती हे पाहता येत असताना प्रारब्धाचं नाव घेणं हा प्रारब्धाचाही अपमान आहे. याच जिल्ह्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी प्रयत्नावर इतका भर का दिला असेल, ते अशा वेळी कळतं.

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, घर महानुभाव पंथाचं. जाळीच्या देवाला जाणं आणि भेटेल त्याला दंडवत प्रणाम म्हणणं यातच लहानपण गेलं. लीळाचरित्राची कथा अण्णांनी सांगितली तेव्हा ती मला पोथीची कथा वाटली होती; आता ती मला माझ्या धंद्याची वाटते. म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा तेराव्या शतकात गोळा केल्या, त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली. शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, तेव्हा सगळ्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत. एक पाठ पक्का करून बाकीचे पुसून टाकता आले असते. त्यांनी भेद ठेवले, आणि कुणाच्या सांगण्यातला कोणता पाठ, तेही ठेवलं. हिराइसेचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा. श्रद्धा कमी होती म्हणून असं झालं नाही. स्वामींचा शब्द त्यांना जिवापेक्षा मोठा होता, म्हणून तो आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आला ते लपवायचं धाडस त्यांनी केलं नाही.

स्वामींची वचनं केसोबासांनी सूत्रपाठात एकत्र केली. वचन असतं चार शब्दांचं. ते कुणाला उद्देशून, कुठे, काय घडल्यावर निघालं, हे माहीत नसेल तर माणूस त्यातून भलताच अर्थ काढील. त्यासाठी प्रकरणवश नावाचा स्वतंत्र ग्रंथच पंथात झाला, वचनामागचा प्रसंग सांगणारा.

मी माझे प्रोग्राम गो नावाच्या भाषेत लिहिते. त्या भाषेत चूक हे एक साधं मूल्य असतं. फंक्शन उत्तराबरोबर तीही हातात ठेवतं आणि तिचं काय करायचं ते आपण ठरवायचं. आपल्या कामाला साजेसे चुकीचे प्रकार आपण स्वतः घडवू शकतो. माझ्याकडे ते असे आहेत: काटा स्थिर झाला नाही, शून्य सरकलं, तारेवर आकडा आला नाही, रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीपेक्षा जास्त. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून प्रत्येकाला नाव वेगळं. सगळ्यांना नुसतं 'एरर' म्हणणं म्हणजे दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर 'आजारी' एवढंच लिहिण्यासारखं आहे. २०१९ साली आलेल्या १.१३ आवृत्तीपासून एका चुकीवर दुसरं वेष्टन चढवायची सोय गोमध्येच आली. चूक वर चढताना प्रत्येक पायरी आपला प्रसंग तिला जोडते, आणि आतली मूळ चूक शाबूत राहते. शेवटी पडद्यावर ओळ येते ती अशी: भरलेल्या गाडीचं वजन घेताना: काटा दोन: इंडिकेटर वाचताना: वेळ संपली, आकडा आला नाही. उजवीकडून डावीकडे वाचत गेलं की चूक जन्मली कुठे आणि पोहोचली कुठपर्यंत, ते उलगडतं. प्रकरणवशाचं काम याहून निराळं नाही.

पण आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा? इथे तत्त्वज्ञानातला जुना वाद येतो. समोर आलेलं ज्ञान आधी खरं धरायचं की आधी त्यावर शंका घ्यायची? नैयायिक म्हणतात, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून तपासूनच ठरतो. मीमांसकांचं म्हणणं उलट. ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते रद्द होतं दोनच गोष्टींनी, एक तर त्याला बाधणारं दुसरं ज्ञान आलं किंवा ते देणाऱ्या साधनातच दोष सापडला तर. कुमारिल भट्टांनी सातव्या शतकाच्या सुमारास श्लोकवार्तिकात हे जोरकस मांडलं. काट्यावर बसलेला कारकून नकळत मीमांसक असतो. इंडिकेटरवर आकडा उमटला की तो खरा.

असा विश्वास किती महाग पडतो, ते एका रॉकेटने दाखवलं. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपी रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. सुमारे सदतीस सेकंदांनी त्याचा घात झाला. दिशा सांगणाऱ्या प्रणालीत ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती, ती मावली नाही. तो कोड एरियान ४ मधून उचललेला होता आणि त्या जुन्या रॉकेटचा आडवा वेग एवढा वाढतच नसे. राखीव प्रणालीतही तोच कोड होता, त्यामुळे ती आधीच गेली होती. यातला पुढचा भाग मला सगळ्यात भयंकर वाटतो. बंद पडताना त्या प्रणालीने आपल्या बिघाडाची खबर तारेवर पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती खबर उड्डाणाची माहिती समजून नोझल वळवले. चूक स्वतःहून बोलली होती, पण तिच्यावर 'मी चूक आहे' अशी खूण नव्हती. शिंपल्याला चांदी समजण्याचा आपल्या दर्शनांतला दृष्टान्त इतक्या महाग किमतीला क्वचितच कुणी घडवला असेल.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने म्हटलं की, योग्य पद्धतींनी बरोबर सिद्ध होईपर्यंत सॉफ्टवेअर सदोषच धरावं. वरवर पाहता नैयायिक जिंकले. पण कुमारिलांचा युक्तिवाद नीट पाहिला तर तेही मंडळाच्या बाजूला उभे राहतील. वेदाला कर्ता नाही, म्हणून तिथे कर्त्याचा दोष संभवत नाही, असं ते म्हणतात. ज्याला माणूस कर्ता आहे तिथे साधनाच्या दोषाची वाट कायम उघडी. प्रोग्राम तर पहिल्या अक्षरापासून पौरुषेय. त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा तर तो कुठून आला हे विचारायची सोय त्यातच हवी.

त्या ड्रायव्हरला कापलेले पैसे मिळाले. आळ घेतला म्हणून माफी मागायला कुणी आलं नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई, कुणाची चूक होती ते तर कळलं." क्षमा करायलाही कशाची करायची ते आधी कळावं लागतं, त्याने ती सहज केली, कारण माग त्याच्यासमोर होता.

काटे चालवणाऱ्या मालकांना आणि त्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या जालन्यातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. आकडा मिळाला नाही तर जुना आकडा देऊ नका, पावती अडवा. अडली त्याचं कारण मराठीत आणि हिंदीत छापा, पूर्ण मागासकट, आणि तो कागद ऑफिसच्या फायलीत ठेवण्याआधी ड्रायव्हरच्या हातात द्या.