ठोके आणि शंका

पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके घरबसल्या ऐकावेत, ही मातेची ओढ निर्मळच आहे. प्रश्न आहे तो ऐकल्यानंतरच्या निश्चिंततेचा. हातात धरायच्या डॉप्लर यंत्रातून अनभ्यस्त कानाला वारेतील रक्तप्रवाह, किंबहुना स्वतःची नाडीदेखील बाळाचे ठोके वाटू शकते. इंग्लंडमधील एक माता ३८व्या आठवड्यात बाळाची हालचाल मंदावली असता अशाच आवाजावर विसंबली. बाळ मृत जन्मले. २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ही हकिकत छापली. (दोष तिचा नव्हे, धीर कोणाला नको असतो?) २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वैद्यकीय देखरेखीविना ही यंत्रे वापरू नयेत, असे बजावले. ठोके खरेच बाळाचे असले, तरी ते त्या क्षणापुरतेच बोलतात. हालचाल मंदावल्याची शंका शमवण्याचा अधिकार यंत्राला द्यावा काय? त्याच घटकेला इस्पितळ गाठावे, शंका फोल ठरली तरी.