बहिणीचा वांटा व ख्रिस्ती नम्रता

आपल्या खेडेगांवांतील मंडळ्यांमध्यें न्याय व हक्क यांविषयीं बोलणें निघालें म्हणजे बहुधा दुसऱ्यांनीं आपणांवर केलेल्या अन्यायाचें वर्णन होतें. पाणवठा, मजुरी, गायरान, स्मशानभूमि या बाबतींत आपणांस काय सोसावें लागलें हें आपण एकमेकांस सांगतों, आणि तें सांगणें योग्यच आहे. परंतु मनुष्याच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी त्यास सोसाव्या लागणाऱ्या अन्यायांत नसून, त्यास लाभदायक होणाऱ्या अन्यायांत आहे. असा एक अन्याय आपल्या पुष्कळ घरांत प्रीतीचें नांव घेऊन नांदत आहे. बापाच्या मिळकतींतील मुलीचा वांटा तिच्याकडून सोडवून घेणें हा तो अन्याय होय.

बाप वारल्यावर चावडींत वारसांचीं नांवें लागतात. पुढें थोडक्याच दिवसांत भाऊ बहिणीस बोलावितो, तिला लुगडें-चोळी करितो, आणि हक्कसोडपत्रावर तिची सही किंवा आंगठा घेतो. तिनें कां-कूं केली तर माहेर तुटेल असें कोणीतरी वडीलधारें माणूस तिच्या कानांत सांगतें. कधीं कधीं तर, हें लिहितांना आम्हांस खेद होतो, मंडळीचा उपदेशकच तिला म्हणतो कीं, बाई, ख्रिस्ती स्त्रीनें हक्कासाठीं भांडूं नये. प्रभूनें आपणांस नम्रता शिकविली आहे. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, हक्क सोडून देणें हा सद्गुण आहे काय? आणि असल्यास तो कोणीं कोणास शिकवावा?

प्रथम कायदा काय आहे तें पाहूं. १८६५ सालीं वारसाचा जो कायदा झाला तो या देशांतील ख्रिस्ती लोकांस लागू होता. त्याच्या जागीं १९२५ चा भारतीय वारसा कायदा आला, व महाराष्ट्रांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांस तोच आज लागू आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां वारला, व त्याच्यामागें विधवा आणि मुलें असलीं, तर मिळकतीचा तिसरा हिस्सा विधवेचा होतो, व उरलेली मिळकत सर्व मुलांत सारखी वांटली जाते. मुलगा व मुलगी असा भेद त्यांत नाहीं. समजा, तीन एकर जमीन आहे, आणि मागें आई, दोन मुलगे व दोन मुली आहेत. तर आईस एक एकर व प्रत्येक अपत्यास वीस गुंठे येतात.

याहूनहि जुनी एक गोष्ट आपण विसरूं नये. पूर्वीं जो बाप्तिस्मा घेई त्यास घरचे लोक जातीबाहेर टाकीत, व वडिलार्जित मिळकतीवरील त्याचा हक्क बुडाला असें म्हणत. १८५० च्या २१ व्या कायद्यानें असें ठरविलें कीं, धर्म बदलल्यामुळें किंवा जात गेल्यामुळें कोणाचाहि वारसाहक्क जाऊं नये. त्या काळीं ज्या ख्रिस्ती बंधूनें हा कायदा पुढें करून आपला वांटा मागितला असेल त्यास आपण लोभी म्हणत नाहीं. मग तशाच वांट्याची गोष्ट बहिणीनें काढली म्हणजे ती लोभी कशी ठरते?

आतां नेहमीं ऐकूं येणारे आक्षेप घेऊं. पहिला हा कीं, एका मनुष्यानें भावाकडून वतनाचा वांटा मिळवून देण्याविषयीं प्रभूस विनंति केली, तेव्हां प्रभूनें वांटणी करणारा होण्याचें नाकारिलें (लूक १२). हें खरें आहे. परंतु वांटणी करण्याचें नाकारणें म्हणजे सर्व मिळकत भावाची ठरविणें नव्हे. त्या प्रसंगीं प्रभूनें लोभाविषयीं जी सूचना दिली ती एका मागणाऱ्यासच नव्हे, तर सर्वांस दिली. आणि लगेच जो दाखला सांगितला तो कोठारें वाढविणाऱ्या धनवानाचा आहे. बहिणीनें वीस गुंठ्यांसाठीं भावाचा द्वेष करूं नये, हें आम्ही तिला अवश्य सांगूं. पण तोच अध्याय भावासहि वाचून दाखवूं.

दुसरा आक्षेप, जमीन परक्या घरीं जाईल. सलाफहादाच्या पांच मुलींस भाऊ नव्हता. त्या मोशे, याजक व सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या व त्यांनीं बापाचें वतन मागितलें. आणि देवानें त्यांचें म्हणणें रास्त ठरविलें (गणना २७). पुढें वंशाच्या वडिलांनीं हाच जमिनीचा आक्षेप काढला, तेव्हां त्यांच्या विवाहास मर्यादा घातली गेली, परंतु त्यांचें वतन काढून घेतलें नाहीं (गणना ३६). आणि ज्यांस भाऊ होते अशा मुलींविषयीं कोणी विचारील तर ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय पाहावा. त्यानें आपल्या मुलींस त्यांच्या भावांबरोबर वतन दिलें.

तिसरा आक्षेप, तिच्या लग्नांत खर्च झाला. बापानें हयातींत आपल्या अपत्यास जें दिलें तें वांटणीच्या वेळीं हिशेबांत धरावयाचें नाहीं, असें १९२५ च्या कायद्यांत सांगितलें आहे. आणि हिशेबच मांडावयाचा तर मुलाचें शिक्षण, त्याचें घर व त्याचेंहि लग्न हीं त्यांत मांडावीं लागतील.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीकडून उपजीविका घेण्याचा आपला हक्क सोडला. तथापि त्याच पत्रांत सुवार्तेच्या सेवकांस तो हक्क आहे हें त्यानें ठासून सांगितलें (१ करिंथ ९). फिलिप्पै येथें बिनचौकशीनें फटके मारून अधिकारी त्यास गुपचूप सोडूं लागले, तेव्हां त्यानें आपला रोमी नागरिकाचा हक्क पुढें केला, व त्यांस स्वतः येऊन क्षमा मागावी लागली (कृत्यें १६). यावरून आम्हांस असा नियम दिसतो कीं, स्वतःचा हक्क सोडणें हें दान होऊं शकतें. परंतु दुसऱ्यास त्याचा हक्क सोडावयास लावणें हें कधींहि दान होत नाहीं. नम्रता ही ज्यानें त्यानें आपल्या ठायीं आचरावयाची आहे. ती शेजाऱ्याच्या शेतांत पेरून तिचें पीक आपण कापूं नये.

बहीण खुषीनें वांटा सोडते, असें पुष्कळ भाऊ म्हणतात. असेलहि. पण खुषी ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. आपला वांटा किती हें तिला ठाऊक होतें काय? नाहीं म्हटलें असतें तरी माहेरचें दार तिला उघडें राहिलें असतें काय? आणि ज्यास लाभ होणार त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीं तिच्याशीं निराळें बोलून तिचें मन जाणून घेतलें काय? या तिहींचें उत्तर होय असें असेल, तर तें खरें दान होय, व भावानें तें कृतज्ञतेनें घ्यावें. यांतील एकहि खूण नसेल, तर त्यास दान म्हणूं नये.

हा प्रश्न केवळ आपल्या खेड्यांचा नाहीं. केरळांतील जुन्या त्रावणकोर संस्थानांत १९१६ च्या कायद्याप्रमाणें ख्रिस्ती मुलीस मुलाच्या हिश्शाचा चवथा भाग किंवा ५,००० रुपये, यांपैकीं जें कमी तें मिळे. मेरी रॉय या बाईंनीं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि १९८६ सालीं त्या न्यायालयानें ठरविलें कीं, तेथेंहि १९२५ चाच कायदा चालेल. त्या निकालावर नापसंती दाखविणाऱ्यांत मंडळ्यांचे पुढारीहि होते. जो न्याय उपदेशपीठावरून आधीं सांगितला जावयाचा, तो न्यायालयांतून ऐकावा लागला, ही आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

उपदेशक बंधूंनो, वांटणीच्या बैठकीस तुम्हांस बोलावितात. तेथें केवळ प्रार्थना करून उठूं नका. दुःखाचे दिवस चालू असतां कोणासहि सही करावयास लावूं देऊं नका. आईचा व मुलींचा वांटा किती, हें सर्वांसमक्ष वाचून दाखवा. आणि सही करण्यापूर्वीं बहिणीस आपल्या पत्नीच्या किंवा एखाद्या वडील भगिनीच्या जवळ मोकळेपणीं बोलूं द्या. बापांनींहि मृत्युपत्र करून मुलींस वगळूं नये. कायदा तशी मोकळीक देतो. पण कायद्यानें जें करतां येतें तें सर्व नीतीस धरून असतेंच असें नाहीं. आणि भावांस आमची विनंति ही कीं, बहिणीनें मागण्याची वाट पाहूं नका. तिचा वांटा तुम्हीं होऊन तिच्यापुढें ठेवा, म्हणजे तिला प्रीति व हक्क यांतून एकाची निवड करावी लागणार नाहीं.

ज्या मंडळीस गांवाजवळ न्याय मागावयाचा आहे तिनें तो आधीं आपल्या ओसरीवर करावा. तेथें तो झाला, तर चावडीवर मागतांना आपली मान खालीं जाणार नाहीं.