धांवणाऱ्याचें वैराग्य

पुष्कळ वर्षांपूर्वीं सोडून दिलेली एखादी विद्या पुन्हां हातीं धरणाऱ्या मनुष्याची मनःस्थिति मोठी चमत्कारिक असते. तो नवशिका नसतो, कारण त्या विद्येचीं सारीं वर्में त्याला ठाऊक असतात. आणि तो जाणताही नसतो, कारण तीं वर्में हातापायांत उतरविण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं उरलेलें नसतें. गवयानें पंधरा वर्षांनीं तंबोरा खालीं काढला म्हणजे त्याच्या कानाला जें ऐकूं येतें तें त्याच्या गळ्यांतून निघत नाहीं, आणि हें अंतर श्रोत्यांच्या आधीं त्याचें त्यालाच कळतें. या अंतराशीं मनुष्यानें कसें वागावें, हा आमच्या मतें नीतिशास्त्रांतला प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही येथें एका अगदीं साध्या उदाहरणावरून करणार आहों. तें उदाहरण म्हणजे उतारवयांत शर्यतीच्या मैदानावर परत येऊं पाहणाऱ्या धांवणाऱ्याचें.

धांवणें निवडण्याचें कारण असें कीं, तेथें शब्दच्छलाला वाव नसतो. लेखकाची प्रतिभा ओसरली कीं नाहीं याविषयीं टीकाकारांत दहा वर्षें वाद चालूं शकेल. पण दहा किलोमीटर अंतराला पूर्वीं चाळीस मिनिटें लागत व आतां बासष्ट लागतात, यावर कोण काय वाद घालणार?

प्रथम शरीराची बाजू पाहूं. धांवण्याचा व्यायाम सुटला म्हणजे पहिल्या दोनतीन आठवड्यांतच रक्तांतील द्रवाचें प्रमाण घटतें, हृदयाच्या एका ठोक्यासरशीं बाहेर पडणारें रक्त कमी होतें, आणि पूर्वीं ज्या वेगाचें कांहींच वाटत नसे त्या वेगानें दम लागूं लागतो. हा तोटा जसा लौकर होतो तसा तो पुष्कळ अंशीं लौकर भरूनही येतो. व्यायाम पुन्हां सुरू केल्यावर कांहीं आठवड्यांतच छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि तें वाटणें खोटें नसतें. स्नायूही फार मागें राहत नाहींत. परंतु स्नायूंना हाडांशीं बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडें यांचा कारभार सावकाश चालतो. हाडावर नवा भार पडूं लागला म्हणजे तें तत्काळ बळकट होत नाहीं. आधीं तेथील जुना भाग पोखरून काढला जातो आणि मग त्या जागीं नवा रचला जातो; अशी एक फेरी पुरी होण्यास तीनचार महिने लागतात. म्हणजे मध्यंतरीं असा एक काळ येतो कीं, जुनें गेलेलें असतें आणि नवें पुरतें आलेलें नसतें. जुनी तुळई काढून ठेवली आहे, नवी अजून बसावयाची आहे, आणि त्याच दिवशीं यजमानानें माडीवर पंगत मांडली आहे, असा हा प्रकार! दुर्दैव असें कीं, धांवणाऱ्याला नेमका हाच काळ अत्यंत उल्हासाचा वाटतो. दम परत आलेला असतो, पाय हलके पडत असतात, आणि जुन्या दिवसांची चव जिभेवर आलेली असते. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडण्याचे प्रकार पुष्कळदां याच सुमारास घडतात.

आम्हांला हें आधीं पुस्तकांतून कळलें असतें तर बरें झालें असतें. कॉलेजांत असतां आम्ही पांच हजार मीटरच्या शर्यतींत उतरत असूं. पुढें नोकरी आली, संसार आला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले, आणि तो नाद सुटला तो अठ्ठावीस वर्षें. बावन्नाव्या वर्षीं आम्ही पुन्हां बूट चढविले. पहिल्या आठवड्यांत बारा किलोमीटर झाले, सहाव्यांत अडतीस. सातव्या आठवड्यांत एके सकाळीं मैदानावर कोणी नाहींसें पाहून आम्हीं जुन्या वेगानें चार फेऱ्या मारून पाहिल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत तो वेग खरोखरच सांपडला. तो आनंद खोटा होता असें आम्ही आजही म्हणणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं उजव्या नडगींत बोटभर जागीं दुखूं लागलें.

यापुढें जें घडलें तेंच या निबंधाचें खरें निमित्त आहे. आमच्या पत्नीनें जिना उतरतांना विचारलें, “अहो, लंगडतां कां?” आम्हीं उत्तर दिलें, “कुठें? बूट नवे आहेत.” बूट दोन महिन्यांचे जुने होते. त्या पायावर आम्ही आणखी सोळा दिवस धांवलों. अखेर अस्थितज्ज्ञांकडे गेलों तेव्हां त्यांनीं विचारलें, “किती दिवस दुखतंय?” आणि ज्या मनुष्यानें तीस वर्षें विद्यार्थ्यांना सत्याचें स्वरूप शिकविलें, त्यानें तोंड वर करून सांगितलें, “चारपांच दिवस.”

आत्मवंचनेविषयीं तत्त्वज्ञांनीं एक जुना पेंच घातलेला आहे. फसविणाऱ्याला सत्य ठाऊक असावें लागतें व फसणाऱ्याला तें ठाऊक नसावें लागतें. मग एकच मनुष्य एकाच वेळीं दोन्ही कसा होणार? वर्गांत हा पेंच आम्हीं अनेकदां फळ्यावर मांडला आहे, आणि त्याचें उत्तर कठीण आहे असेंही सांगितलें आहे. आमच्या नडगीनें तें सोपें करून दाखविलें. दुखतें आहे हें आम्हांला पूर्ण ठाऊक होतें. आम्हीं फक्त त्याचें नांव बदललें. दुखण्याला ‘अवघडणें’ म्हटलें, लंगडण्याला ‘नवे बूट’ म्हटलें, सोळा दिवसांना ‘चारपांच’ म्हटलें. आत्मवंचना करणाऱ्याला सत्य लपवावें लागतच नाहीं. त्याला दुसऱ्या नांवानें हांक मारली कीं भागतें.

पण ही वंचना कोणाच्या हितासाठीं चालली होती? कोणी आमच्यावर पैसे लावलेले नव्हते. आमच्या धांवण्याची वार्ता शेजाऱ्यांपलीकडे कोणाला नव्हती. विचार करतां असें दिसतें कीं, आम्ही एका चोवीस वर्षांच्या तरुणाची मर्जी सांभाळीत होतों, आणि तो तरुण आतां कोठेंच अस्तित्वांत नाहीं. त्याचीं मिनिटें आमचींच आहेत, कारण त्याचें नांव आणि आमचें नांव एक, अशी आमची समजूत. वास्तविक तीं मिनिटें त्यानें चार वर्षें पहाटे उठून, थंडींत, उपाशीं पोटीं मिळविलीं होतीं. आम्ही तीं वारसाहक्कानें मागत होतों. बापाची वाडी मुलाला श्रमावांचून मिळते आणि कायदा तें मान्य करतो. पण पाय असला कायदा जाणत नाहींत. यांत अन्याय दुहेरी होता. पन्नाशीच्या देहावर तर तो होताच. पण त्या तरुणावरही होता, कारण त्याच्या श्रमांना आम्ही नुसतें दैवाचें देणें समजूं लागलों होतों.

आठ आठवडे धांवणें बंद झालें. या सक्तीच्या रजेंत आम्हीं या विषयावरचें पुष्कळ वाचन केलें, हें एक आमच्या जातीचें खोडच आहे. परतणाऱ्यानें वेग आणि अंतर कसें वाढवावें याचा एक नियम सर्वत्र सांगितला जातो: आठवड्याचें अंतर मागल्या आठवड्याहून एक दशांशापेक्षां अधिक वाढवूं नये. नियम वाचून आम्हांस हायसें वाटलें. पापपुण्याचा हिशेब त्रैराशिकानें सुटत असेल तर प्राध्यापकाला आणखी काय हवें? परंतु नेदरलंड्समध्यें ग्रोनिंगेन येथील संशोधकांनीं या नियमाची परीक्षा घेऊन २००८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. पांचशेंहून अधिक नवशिक्यांपैकीं कांहींना त्यांनीं या नियमाप्रमाणें तेरा आठवडे सावकाश तयार केलें, इतरांना आठ आठवड्यांत. दोन्ही गटांत इजा झालेल्यांचें प्रमाण जवळजवळ सारखेंच, म्हणजे शेंकडा वीसच्या आसपास निघालें. यावरून सावकाशी निरुपयोगी ठरते असें नाहीं. प्रयोग नवशिक्यांवर होता आणि अंतरही थोडें होतें. पण नियम पाळला म्हणजे जबाबदारी संपली, ही जी आमची समजूत होऊं पाहत होती, ती मात्र ढांसळली. अॅरिस्टॉटलनें मध्यममार्गाचें विवेचन करतांना तालीमबाजाचाच दाखला घेतला आहे, हें येथें आठवतें. मायलो मल्लाला जेवढें अन्न थोडें, तेवढेंच नवशिक्याला फार. तेव्हां मध्य हा आंकड्यांचा नसून त्या त्या मनुष्याचा आहे. आणि तो मनुष्य जर सोळा दिवसांना चार दिवस म्हणत असेल, तर कोणताही मध्य सांपडणार कसा? दशांशाच्या आधीं खरेपणा लागतो.

न्यूझीलंडचा आर्थर लिडियर्ड हा ऑकलंड येथें बुटांच्या कारखान्यांत काम करणारा गृहस्थ. त्यानें आपली पद्धति प्रथम स्वतःच्याच देहावर अजमावली. कित्येक महिने दीर्घ अंतर, आठवड्याला शंभर मैलांपर्यंत, मग टेकड्या, आणि वेग अगदीं शेवटीं. त्याचा शिष्य पीटर स्नेल हा अवघ्या आठशें मीटरचा धांवणारा. तरी त्याच्याकडूनही हेंच करून घेतलें. स्नेलनें १९६० सालीं रोम येथें सुवर्णपदक मिळविलें, आणि १९६२ च्या जानेवारींत वांगानुई येथें एक मैल ३ मिनिटें ५४.४ सेकंदांत धांवून जागतिक उच्चांक केला. दोन मिनिटांच्या आंत संपणाऱ्या शर्यतीसाठीं महिनोन्‌महिने सावकाश धांवावें, ही गोष्ट ऐकणाऱ्याला वेडेपणाची वाटते. पाया किती खोल घ्यावा हें इमारतीच्या उंचीवरून ठरतें, रुंदीवरून नव्हे, एवढेंच त्यावर म्हणतां येईल.

आमच्या म्हणण्याच्या अगदीं उलट जाणारें एक उदाहरण आहे, तें दडविणें वर सांगितलेल्या खोटेपणांतच जमा होईल. अमेरिकेची जोन बेनॉइट हिच्या गुडघ्यावर १९८४ च्या एप्रिलमध्यें शस्त्रक्रिया झाली; त्यानंतर अवघ्या सतराव्या दिवशीं ती राष्ट्रीय निवडीच्या मॅरेथॉनमध्यें उतरली आणि जिंकली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लॉस एंजल्स येथें स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही तिनेंच जिंकली. संयमाचें गाणें गाणाऱ्यानें यावर काय बोलावें? असें म्हणतां येईल कीं, तिच्या हाडांनीं वर्षानुवर्षांची कमाई सांठविलेली होती, आणि सतरा दिवसांत ती मोडकळीला येत नाहीं. तिचा खंड आणि आमचा खंड एका जातीचे नव्हेत. हें खरें आहे, पण सर्व खरें नाहीं. कांहीं प्रसंगीं धाडस हेंच शहाणपण ठरतें, आणि तें ठरल्यानंतरच कळतें. एवढें मात्र आम्ही म्हणूं कीं, तिचा गुडघा बिघडला आहे हें तिनें जगापासून चोरून ठेविलेलें नव्हतें.

आमच्या मनांत खरा ठसला तो दुसराच एक मनुष्य. एड व्हिटलॉक हा १९३१ सालीं इंग्लंडांत जन्मला. तरुणपणीं तो चांगला धांवत असे. पुढें खाणींचें इंजिनियरिंग शिकून तो कॅनडांत गेला आणि धांवणें सुटलें. तें पुन्हां सुरू झालें चाळिशीच्या सुमारास. २००३ सालीं, बहात्तराव्या वर्षीं, त्यानें मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर तीन तासांच्या आंत पुरे केले. सत्तरी उलटलेल्या मनुष्यानें हें करण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षीं तर वेळ २ तास ५४ मिनिटें ४८ सेकंदांवर आली. पंचायशीव्या वर्षीं, २०१६ सालीं, तो चार तासांच्या आंत होता. २०१७ च्या मार्चमध्यें तो वारला. त्याची तयारी म्हणजे काय, तर ऑंटॅरिओ प्रांतांतील मिल्टन गांवीं घराजवळच्या दफनभूमींत सावकाश प्रदक्षिणा घालीत राहणें, एका वेळीं दोनदोन, तीनतीन तास. दुखापतींनीं त्याचे कित्येक महिने खाल्ले. तेव्हां तो थांबला, आणि मग पुन्हां लहानापासून सुरुवात केली. या फेऱ्या कंटाळवाण्या आहेत हें तो मोकळेपणीं सांगे. त्याला आवड होती ती शर्यतीची.

दफनभूमि म्हटल्यावर वाचकांना आपलें स्मशानवैराग्य आठवेल. घाटावरून घरीं येईपर्यंत टिकणारें तें. व्हिटलॉकचें वैराग्य दुसऱ्या जातीचें. ती जागा घराजवळ होती म्हणून तो तेथें जाई; मृत्यूचें चिंतन करण्यासाठीं नव्हे. पतंजलीनें चित्ताच्या निरोधासाठीं अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली आहे, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायांतही तीच जोडी येते. अभ्यास आपल्याला समजतो. वैराग्य आपण संन्याशाकडे ढकलून देतों. परंतु रोज तीन तास सावकाश धांवणाऱ्याला दर पावलाला जोरानें धांवण्याची इच्छा खालीं ठेवावी लागते. ती कोणाला दिसत नाहीं, तिच्याबद्दल टाळ्या पडत नाहींत. अभ्यासाचा आंकडा वहींत मांडतां येतो. न धांवलेल्या वेगाची नोंद कोण ठेवणार?

आमचे एक संस्कृतचे स्नेही यावर हंसले. ते म्हणाले, “शर्यत जिंकायची इच्छा धरून तुम्ही वैराग्याचं नांव घेतां, हें म्हणजे एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारण्यासारखं आहे.” टोला बिनचूक होता, आणि आमच्या घरच्या एकादशीला तर फारच बिनचूक. तरी आम्हांस वाटतें कीं, व्हिटलॉकनें इच्छा सोडली नाहीं, तिची घाई सोडली. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे जुन्या व्हिटलॉकवरचा दावा सोडला. बहात्तराव्या वर्षीं तो बहात्तर वर्षांच्या मनुष्याच्या पायांनीं धांवला. इतकें वैराग्य शास्त्रीबोवांना पुरेसें वाटत नसेल तर त्यांनीं तें प्रथम एक महिना करून पाहावें.

सध्यां आम्ही आठवड्यांतून चार दिवस, घड्याळ घरीं ठेवून, टेकडीच्या पायथ्याचा रस्ता धरतों. आठवड्याला अठरा किलोमीटर होतात. डिसेंबरांतल्या एका शर्यतीचा अर्ज, ‘पन्नास ते चोपन्न’ या गटाचा, टेबलाच्या खणांत पडून आहे. तो भरावा कीं नाहीं हें अजून ठरलेलें नाहीं, आणि नडगी दाबून पाहण्याचें काम आमच्या पत्नीनें आपल्याकडे घेतलें आहे. काल सकाळीं पुलाजवळ एक विशीचा मुलगा आम्हांस ओलांडून गेला. त्याची चाल सुरेख होती. वीसएक पावलें आम्ही त्याच्या मागें त्याच वेगानें धांवलों, आणि मग हळू झालों. घरीं आल्यावर पत्नीनें विचारलें तेव्हां तीं वीस पावलेंही सांगितलीं.