आधी ध्रुपद, मग कवित्व

तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगात आपत्तींची यादी आहे आणि त्या यादीतच, दोन-तीन चरणांपुरता, ते गाण्याकडे कसे वळले याचा हिशेब आहे. एकादशीच्या कीर्तनाला सुरुवात केली तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते. मग संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे उभे राहून जे गात, त्यांच्या मागे ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती या सगळ्यानंतर येते, तीही स्वप्नात गुरूची भेट झाल्यावर. लिहू पाहणाऱ्या, पण आयुष्यात सपशेल हरलेल्या तरुणाला संगीत काय देते, या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत जुने आणि प्रामाणिक उत्तर बहुधा याच क्रमात आहे. चरित्रकारांनी स्वप्नावर भर दिला आणि ध्रुपद घाईने ओलांडले.

तुकारामांच्या जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रूढ समजुतीप्रमाणे १६०८ हे साल धरले, तर १६३० ते १६३२ च्या दख्खनच्या दुष्काळात ते जेमतेम बावीस-चोवीस वर्षांचे होते. देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी आणि वाणव्यवसाय होता. आई-वडील गेले होते, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला होता. दुष्काळात पहिली पत्नी रखुमाबाई गेली, मुलगा संतू गेला, दुकान बसले, दिवाळे वाजले. या दुःखाबरोबर तुकाराम आणखी एका गोष्टीचा उच्चार करतात, ती म्हणजे लाज. ज्याच्या दारात गाव उधारीला येई त्याचेच दिवाळे निघाले, आणि तेही सगळ्यांच्या देखत. पुढे धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. पूर्वजांचे मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले आणि तिथेच एकादशीचे कीर्तन सुरू झाले.

ध्रुपद धरणे म्हणजे काय, हे कीर्तनाला उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. कीर्तनकार पुढे, बाजूला विणेकरी आणि मृदंग, मागे टाळकऱ्यांची रांग. कीर्तनकार चरण म्हणतो आणि मागचे ध्रुपद उचलून परत आणतात, पुन्हा पुन्हा, त्याला दम घ्यायला आणि विवरण करायला अवकाश मिळेपर्यंत. मागच्याला स्वतःचे असे काही बोलायचे नसते. गळा गोड असला तर बरे, पण ती अट नाही. शब्द पाठ हवेत आणि टाळ लयीत पडायला हवा. कोणी त्याच्याकडे निरखून पाहत नाही, आणि तो थांबला तर मात्र सगळ्यांना कळते. शरमलेल्या माणसाला उभे राहायला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. तो लोकांत असतो, कामात असतो, आणि त्याच्या दिवाळ्याविषयी तिथे कोणी विचारत नाही. दुःखावर गाणे हा उतारा आहे असे सरसकट म्हटले जाते. इथे गाण्याने आधी दिली ती जागा.

दुसरी गोष्ट कारागिरीची. संस्कृत वृत्तांत लघू-गुरूंचे बांधीव नियम असतात आणि ते शिकायला पाठशाळा लागते. अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि शेवटी चार अक्षरांचा आखूड चरण असतो. यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. अक्षर कमी पडले तर गाणारा स्वर लांबवतो, जास्त झाले तर आवळून घेतो. त्या आखूड चौथ्या चरणावर शब्द टेकतो आणि टाळ त्याला मोकळी जागा देतो. हा छंद जात्यावरच्या ओवीचा नातेवाईक आहे. कानाने येतो, पुस्तकाने नाही. नामदेव, ज्ञानदेव, एकनाथ, कबीर यांची वचने ज्याने मागे उभे राहून शेकडो वेळा म्हटली, त्याच्या अंगात हे माप बसते. लिहायला बसल्यावर त्याला अक्षरे मोजावी लागत नाहीत. तुकारामांची साडेचार हजारांच्या आसपासची अभंगसंख्या आश्चर्याची वाटते ती या पूर्वतयारीकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

तरीही धर्मविचारात एक जुनी अडचण उरते. संगीत रंजन करते. जे रंजन करते ते माणसाला गुंतवते. मग ते मुक्तीच्या वाटेवर कसे चालेल? तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात हा पेच सोडवला आहे. अनाहत नाद योग्यांनी गुरूच्या मार्गाने उपासावा. तो मुक्ती देतो, पण रंजन करीत नाही. कानाला ऐकू येणारा आहत नाद मात्र रंजनही करतो आणि भवबंधही तोडतो. एकाच गोष्टीत त्याने दोन्ही मानले. वारकऱ्यांनी शार्ङ्गदेव वाचला असण्याची गरज नाही. त्यांनी हाच निर्णय आचारातून घेतला आणि त्याला एक कडक अट घातली. कीर्तनाचा मोबदला घ्यायचा नाही. तुकारामांचा यावरचा अभंग अगदी तपशिलात शिरतो: जिथे कीर्तन करावे तिथे जेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, माळ घालून घेऊ नये, बैल-घोड्यांसाठी दाणाचारासुद्धा मागू नये.

ही अट नैतिक शुचितेची म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेच. पण दुकान बुडालेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर तिचा आणखी एक अर्थ लागतो. ज्यातून काही मिळवायचेच नाही, त्याचे दिवाळे वाजू शकत नाही. आयुष्यभर नफा-तोटा मांडलेल्या घरातल्या तरुणाला वहीच्या बाहेरचे एकच काम सापडले होते. लेखनाचे एरवी तसे नसते. त्यात मान्यता मिळते किंवा नाकारली जाते, म्हणून ते खातेवहीसारखेच माणसाला पोखरते. गाण्याच्या सोबतीने आलेल्या लेखनाला त्या निःस्वार्थपणाचा थोडा वारसा मिळाला.

मग आणखी एक स्वप्न, गुरूच्या भेटीहून वेगळे. नामदेव पांडुरंगाला घेऊन आले, जागे करून कवित्वाचे काम सांगितले, आणि नामदेवांनी संकल्पिलेल्या शतकोटी अभंगांतली उरलेली संख्या तुकारामांच्या नावे लावली. या स्वप्नात विठ्ठल माप धरून उभा आहे. वाण्याच्या मुलाचे स्वप्न दुसरे कसे असणार. त्यातली मागणी मात्र ध्रुपदकऱ्याला ओळखीची होती. पुढच्याने सुरू केलेले मागच्याने उचलायचे. स्वतःची अशी नवी सुरुवात त्याच्याकडून कोणी मागितलीच नव्हती. पहिली ओळ लिहिताना हात थरथरतो तो ‘हे माझे’ या भाराने, आणि तो भार इथे आधीच उतरला होता.

वाणी कोणाची, हा प्रश्न तुकारामांच्या अभंगांत वारंवार येतो, आणि उत्तर एकच असते: आपल्या बळावर आपण बोलत नाही. साळुंकी मंजूळ बोलते, पण तिला शिकवणारा वेगळा असतो, हा त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. याला नुसता विनय म्हणून सोडून देणे बरोबर नाही. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडून निघतात आणि तेच त्या क्षणी अगदी आपले होतात, हा टाळकऱ्याचा रोजचा अनुभव आहे. तुकारामांनी त्याचे तत्त्वज्ञान केले. अद्वैताची चर्चा ग्रंथांतून केलेल्या पंडिताला जे सिद्ध करावे लागते, ते त्यांना लयीत आधीच भेटले होते.

या श्रद्धेची परीक्षा इंद्रायणीच्या डोहात झाली. शूद्राने प्राकृतात वेदार्थ बोलावा याला आक्षेप आला. परंपरेप्रमाणे तो वाघोलीच्या रामेश्वरभटांचा. अभंगांच्या वह्या बुडवण्यात आल्या. तुकाराम तेरा दिवस अन्नपाणी सोडून शिळेवर बसले. आत्मचरित्रपर अभंगात ते एवढेच म्हणतात की निषेधाचा आघात झाला, चित्त दुखावले, धरणे धरले आणि नारायणाने समाधान केले. दुसऱ्या एका अभंगात पाण्यात कागद राखल्याचा उल्लेख आहे. समकालीन बहिणाबाई शिऊरकर यांच्या अभंगांतही तेरा दिवसांची हकीकत येते. वह्या कशा तरल्या यावर भाविक आणि चिकित्सक यांचे एकमत होणार नाही. वह्या बुडाल्या तरी लोकांच्या मुखातले अभंग बुडाले नाहीत, हा आधुनिकांचा आवडता उलगडा. तो आकर्षक आहे, पण त्यामुळे त्या तेरा दिवसांतली वेदना फार स्वस्त होते. अभंग लोकांच्या तोंडी आहेत हे तुकारामांनाही ठाऊक होतेच; तरी ते धरणे धरून बसले. आणि उठल्यावर, देवाचा अंत पाहिला, त्याला त्रास दिला, म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले. गाणे माणसाला आघातापासून वाचवते, असा दावा या चरित्राच्या आधारे करता येत नाही. आघातानंतर परतायला टाळकऱ्यांची रांग शिल्लक होती, इतके खात्रीने म्हणता येते.

गाण्याची पोच किती होती ते बहिणाबाईंच्याच हकिकतीत दिसते. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग त्यांनी ऐकले आणि न पाहिलेल्या या माणसाचा ध्यास घेतला; देहूला त्या नंतर आल्या. तोवर एकेकाळी मागे उभा राहणारा पुढे आला होता, आणि त्याच्या मागे चौदा टाळकरी उभे राहत. त्यांच्यातल्या चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहूनही ठेवले.

१८६९ आणि १८७३ मध्ये विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादित केलेली गाथा मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत निघाली. गाथेच्या छापील प्रतींत बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापुढे आकड्याच्या जागी ‘ध्रु.’ असते. एकटा वाचणारा ते ओलांडून जातो. ती जागा मागच्या रांगेसाठी राखलेली आहे.