कवीची तारीख

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अखंड हरिनाम सप्त्याची बैठक बसली की पहिला विषय निघतो महाराजांच्या तारखेचा. काल्याचं कीर्तन कुणाचं, जागराला कोण, हे काही महिने आधी ठरतं. फोन जातात, तारीख मिळाली तर ठीक, नाहीतर दुसरं नाव. बिदागीचा आकडा बोलताना कुणी लाजत नाही. घरटी वर्गणी ठरवतानाच तो धरलेला असतो. त्याच गावच्या वाचनालयात कविसंमेलन ठरलं तर कवीला फोन जातो चार दिवस आधी. ‘सर, छोटासाच कार्यक्रम आहे, दोन कविता म्हणायच्या.’ पैशाचा विषय कुणीच काढत नाही. कवीला विचारायचा संकोच, आयोजकाला सांगायचा. शेवटी शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकिटात काय आहे ते परतीच्या एसटीत बसल्यावर कळतं.

या दोन फोनांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढंच आपल्याकडच्या स्वतंत्र मंचीय कवीचं दुखणं आहे. ‘स्पोकन वर्ड’ हे नाव नवं, मोबाइलवर वाढलेल्या पिढीने घेतलेलं. संग्रहाची वाट न पाहता, कविता पाठ करून, माइकसमोर उभं राहून, स्वतःच्या चॅनेलवर टाकून लोकांपर्यंत जायचं, असा हा मार्ग. या कवींबद्दल साहित्यवर्तुळात एकच शंका फिरत असते: ही खरंच कविता आहे का? मराठवाड्यात तरी ही शंका अस्थानी आहे. इथे कविता आधी कानावर पडली, कागदावर खूप नंतर उतरली. खरा प्रश्न पुढचा आहे. या कवीने जगायचं कशावर, आणि त्याच्या कवितेचं मोल करायचं कुणी?

पण आधी कानावरच्या कवितेची साक्ष काढू. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात 1708 पासून शब्दालाच गुरू मानलं जातं. गुरू गोविंदसिंगांनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. नरसी हे नामदेवांचं गाव म्हणून परंपरा सांगते, ते शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. म्हणजे या मुलखातला शब्द पंजाबात गेला आणि शतकांनी गोदावरीकाठी परत आला, तो गायला जाण्यासाठी. लातूरकडे औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन आहे. भजन म्हणता म्हणता गोल फिरायचं, दम सांभाळायचा, लय सुटू द्यायची नाही. शब्द, श्वास आणि पाय इथे वेगळे काढताच येत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्यासारख्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात नोंदल्या गेल्या. त्या प्रकल्पात लाखावर ओव्या जमा झाल्या. त्या रचणाऱ्या बायकांना कवयित्री म्हणायला मात्र कुणी पुढे आलं नव्हतं.

त्यात भर निजामी राजवटीची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि शिकलेल्यांची भाषा उर्दू होती. मराठीला त्याचा जाच झाला, हे खरंच. पण त्या काळाने इथल्या कानाला मुशायऱ्याची सवयही लावली. शेराची पहिली ओळ दोनदा म्हणायची, श्रोत्याला अंदाज बांधू द्यायचा आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो अंदाज बरोबर ठरवायचा किंवा उधळून लावायचा. आज नांदेडात मराठी कविता म्हणणारा विशीतला पोरगा पहिली ओळ दोनदा म्हणतो, तेव्हा ती लकब त्याने यूट्यूबवरून उचलली असं त्याला वाटतं. ती त्याच्या पणजोबाच्या काळापासून गावात आहे.

वा. रा. कांत 1913 साली नांदेडात जन्मले. ‘रुद्रवीणा’, ‘शततारका’, ‘वेलांटी’ असे त्यांचे संग्रह निघाले, पण आयुष्याची मोठी वर्षं त्यांनी काढली ती रेडिओत, म्हणजे बोललेल्या शब्दाच्या नोकरीत. त्यांची ‘बगळ्यांची माळ’ श्रीनिवास खळ्यांच्या चालीत आणि वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून घराघरांत पोचली. गाणं सगळ्यांना पाठ आहे. कवी नांदेडचा, हे किती नांदेडकरांना ठाऊक असेल, याची परीक्षा वाचकांनी घरातच घ्यावी.

स्वतंत्र कवी या शब्दाचा सगळ्यात कडक अर्थ मात्र वामनदादा कर्डकांनी जगून दाखवला. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरओळख झाली ती मुंबईत मोठेपणी. पहिलं गीत 1943 चं आणि पहिला संग्रह ‘वाटचाल’ 1973 चा. मधली तीस वर्षं हा माणूस पुस्तकाविना कवी होता. आंबेडकरी वस्त्यांमधून फिरायचं, कार्यकर्त्याच्या घरी उतरायचं, रात्री गायचं आणि सकाळी पुढच्या गावाला निघायचं. हजारो गाणी झाली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. नांदेड जिल्ह्याने या नामांतराच्या लढ्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांचा खून पाहिला, शहराने गौतम वाघमाऱ्यांचं आत्मदहन पाहिलं. त्या सोळा वर्षांत भीमगीतं आणि जलसे वस्त्यावस्त्यांत पोचले, तिथे कवितासंग्रह पोचण्याची शक्यताच नव्हती. वामनदादा 2004 साली गेले. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत त्यांनी आणि त्यांच्या घराने भरली. ती सुरस करून सांगणं हा आपला आवडता उद्योग असला, तरी पुढच्या कवीसाठी तोच नियम ठरवणं निर्दयपणाचं आहे.

कारण दुसऱ्या बाजूला पाहिलं तर मराठवाड्यातले बहुतेक नावाजलेले कवी मास्तर किंवा प्राध्यापक आहेत. इंद्रजित भालेराव हे ठळक उदाहरण. वसमत तालुक्यातलं रिधोरा त्यांचं गाव, परभणीच्या ज्ञानोपासक महाविद्यालयात त्यांनी शिकवलं. 1989 च्या ‘पीकपाणी’तली कविता त्यांच्या स्वतःच्या म्हणण्यातून शेतकऱ्यांच्या मेळाव्यांपर्यंत गेली. ते छापील आणि बोलका असे दोन्ही कवी आहेत, आणि दोन्हीकडे अस्सल. पण त्यांच्यासारख्यांना शाल-श्रीफळावर भागवता आलं, कारण एक तारखेला पगार होत होता. आपल्याकडच्या कवितेचा सगळ्यात मोठा आश्रयदाता ना संस्थानिक, ना सरकारी पुरस्कार. तो होता अनुदानित महाविद्यालयाचा वेतनश्रेणीचा तक्ता. प्राध्यापकभरती रखडत गेली, तासिका तत्त्वावर नेमणुका आल्या आणि हा आश्रयदाता मुकाट्याने निघून गेला. स्वतंत्र कवींची नवी पिढी आली याचा उत्सव करताना हेही ध्यानात ठेवावं की त्यांतल्या अनेकांचं स्वातंत्र्य निवडलेलं नाही. नोकरीच नाही.

या कवींची संख्या किती, याचा अंदाज एप्रिल 2022 मध्ये उदगीरला येत होता. लातूर जिल्ह्यातलं हे गाव, उन्हाचे दिवस, महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, भारत सासणे अध्यक्ष. त्याच गावात त्याच दिवसांत गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही संमेलनही. अखिल भारतीय संमेलनात कवीकट्टा असतो, तिथे नाव पुकारलं की यायचं, एक कविता म्हणायची आणि उतरायचं. पुढचा कवी पायरीवर उभाच असतो. ऐकायला बसलेल्यांतही बरेचसे आपली पाळी येण्याची वाट पाहणारे. या कट्ट्याची थट्टा सोपी आहे, तशी ती दर वर्षी होतेही. पण स्वतःच्या खर्चाने एसटीने येऊन तीन मिनिटांसाठी दिवसभर थांबणारी एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या कलेला लाभतात?

आता मंचाच्या जाचाबद्दलही बोललं पाहिजे, कारण तो जाच खरा आहे.

कविता म्हणायला लागली की बदलते. कागदावर डौलदार दिसणारी लांब ओळ माइकसमोर श्वास पुरत नाही म्हणून मोडावी लागते. जोडाक्षरांची गर्दी झाली की जीभ अडखळते, साउंडवाल्याने आवाज चढवलेला असला तर ‘भ’ आणि ‘फ’ माइकमध्ये फुटतात. विराम कुठे घ्यायचा हे चार कार्यक्रमांनंतर कळतं. पंख्याचा आवाज, मागच्या रांगेतलं लेकरू, चहाचे कप, हे सगळं धरून तो विराम बसवायचा असतो. ही कारागिरी आहे आणि ती शिकावी लागते. इथवर चांगलं. पण श्रोताही कवीला शिकवत असतो. कुठल्या ओळीला टाळी पडली हे कवीच्या ध्यानात राहतं, आणि पुढची कविता त्या टाळीच्या दिशेने वाकते. बापावरची कविता, आईच्या फाटक्या लुगड्याची कविता, फास घेतलेल्या शेतकऱ्याची कविता: यांना टाळी हमखास. या विषयांमागचं दुःख खोटं नाही. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या कवीने दुष्काळावर लिहायचं नाही तर कशावर? पण दहा कवी एकामागून एक तोच बाप उभा करतात, तेव्हा तो कुणाचाच बाप राहत नाही, आणि डोळे पुसून श्रोता मोकळा होतो. कापसाचा भाव, सावकाराचा कागद, पीकविम्याचा अर्ज यांतलं काहीच त्या कवितेत नसतं.

याउलट मंचाने दिलेलं एक देणं छापील कवितेला सहजी मिळालं नसतं. ते म्हणजे इथली बोली. ‘काय करायलास’, ‘कुठं जाऊलालास’ ही क्रियापदं नांदेड-लातूरकडे रोजची, पण शाळेत ती खोडली जातात आणि पुण्याला गेलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात ती गिळायला शिकतो. तेच क्रियापद कवीने माइकवरून उच्चारलं की सभागृहात जी हालचाल होते, ती हसण्याची नसते. आपलं बोलणं मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर आणि कुणीही न सुधारता ऐकल्याची ती असते. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी गावोगावची पोरं येऊन खोल्या करून राहतात. या कवितेचा श्रोता शोधायला लांब जायला नको, तो तिथेच आहे.

आता कवितेचं मोल कुणी करायचं, हा प्रश्न. शिकागोत मार्क स्मिथ नावाच्या बांधकाम कामगाराने 1986 मध्ये ग्रीन मिल या बारमध्ये कवितेचा ‘स्लॅम’ भरवायला सुरुवात केली, तेव्हा त्याने श्रोत्यांतूनच परीक्षक निवडले आणि कवीला गुण द्यायला लावले. कवितेला गुण देणं हास्यास्पद आहे, आणि तो हास्यास्पदपणा त्या खेळात मुद्दामच ठेवलेला होता. श्रोत्याला गप्प बसून दाद देण्याच्या सक्तीतून सोडवायचं होतं. आपल्याकडे कविसंमेलनात कविता पडली तरी टाळी पडते, निवेदक ‘क्या बात है’ म्हणतो आणि कवी घरी जाऊन तीच कविता तशीच ठेवतो. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात होते, मराठवाड्यात गावोगाव बोलत फिरले आणि 1982 साली औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. नुसतं बोललेलं गांभीर्याने ऐकायचं आणि त्यावर कडाडून भांडायचं, हे ज्या नांदेडने त्यांच्याकडून पाहिलं, त्या शहरात आज बोललेल्या कवितेचं एक धड परीक्षण छापून येत नाही. नाटकाचं येतं, गाण्याच्या बैठकीचं येतं. कवितेचं परीक्षण हवं तर आधी संग्रह काढा, मग प्रत पाठवा.

पैशाकडे वळू. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कवीला दोन्ही हक्क आहेत: रचनाकार म्हणून, आणि ती सादर करणारा कलावंत म्हणून. कलावंताचा हक्क 50 वर्षांचा आहे. त्याच्या संमतीविना सादरीकरणाचं चित्रीकरण करून दुसऱ्याच्या चॅनेलवर टाकणं या हक्काला धरून नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकारांची रॉयल्टी बळकट झाली, पण ती गोळा होते गाण्याच्या शब्दांसाठी; चालीविना म्हटलेल्या कवितेसाठी दारोदार फिरून वसुली करणारं कुणी नाही. प्रत्यक्षात कविता सुरू झाली की समोर वीस मोबाइल उभे राहतात आणि रात्रीतून ती कविता पाच चॅनेलांवर, दोनदा कवीच्या नावाशिवाय. पुढच्या गावात तो तीच म्हणायला लागला की पहिल्या रांगेतून आवाज येतो, ‘नवीन काही?’ कीर्तनकार तोच अभंग आयुष्यभर घेतो, त्याला असं कुणी म्हणत नाही.

राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे, दरमहा 5,000 रुपयांची. तिची अट वयाची पन्नाशी. तोवरच्या तीस वर्षांचं काय, याचं उत्तर सरकारकडे मागण्याआधी गावाकडे मागायला हवं. सप्त्याचा हिशेब जमवणाऱ्या गावाला कवितेचा हिशेब जमवता येणार नाही, असं मानायला काही आधार नाही. म्हणून वाचनालयांच्या, महाविद्यालयांच्या आणि गणेश मंडळांच्या आयोजकांना एवढीच विनंती: पुढच्या कार्यक्रमाचा खर्च मांडाल तेव्हा मंडपवाला, साउंडवाला आणि चहावाला यांच्या रांगेत कवीचाही आकडा लिहा, आणि तारीख मागताना तो फोनवरच सांगा.